जुन्या ट्रकचे पाटे: तपासणी आणि बदली, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर, बार्शी, मोहोळ, अक्कलकोट इकडची जुन्या गाड्या जपणारी मंडळी पाट्यांबद्दल (लीफ स्प्रिंग) जे पुन्हापुन्हा विचारतात ते सगळं इथे एका जागी केलंय. गाड्या बहुतेक टाटा मर्सिडीज, जुनी लेलँड कॉमेट, बेडफर्ड, फार्गो, डॉज या पिढीतल्या. पाटे बदलायला धावायच्या आधी टेप घेऊन गाडीखाली जा आणि मोजा, एवढा आग्रह मी प्रत्येकाला करतो, कारण पैसे पाट्यावर जातात आणि दोष भलतीकडेच असतो हे फार वेळा बघितलंय.

१. मिस्त्री नुसतं "पाटे गेले" म्हणतो. पाट्याच्या सेटमध्ये नेमकं काय काय येतं?

सगळ्यात वरचा, दोन्ही टोकांना गोल डोळे असलेला तो मेन पाटा. त्याच्या खालचा दुसरा पाटा बऱ्याच गाड्यांत डोळ्याभोवती थोडा वळवलेला असतो, म्हणजे मेन तुटला तरी एक्सल लगेच सुटत नाही. खाली उतरत्या लांबीचे बाकीचे. हे सगळे मधोमध सेंटर बोल्टने बांधलेले, बाजूला सरकू नयेत म्हणून क्लिपा, आणि अख्खा सेट एक्सलला यू बोल्टने आवळलेला. एक टोक ब्रॅकेटमध्ये पिनने पक्कं असतं, दुसरं शॅकलवर (हलत्या जोडपट्टीवर) झुलतं, कारण वजन आलं की पाटा सपाट होतो आणि लांबी वाढते, त्या वाढीव लांबीला जागा लागते. मागच्या बाजूला बऱ्याच ट्रकना वर वेगळा हेल्पर सेटही असतो, तो फक्त लोड आल्यावर टेकतो. "पाटे गेले" यातलं काहीही असू शकतं, म्हणून नेमकं काय गेलं ते बोट लावून दाखवायला सांगा.

२. गाडी एका बाजूला झुकलीय. पाटा बसला, म्हणजे त्याची कमान (बाक) उतरली, असं धरून चालू का?

नका धरू. आधी चारी बाजूंच्या टायरांची हवा सारखी करा आणि गाडी खरंच सपाट जागेवर लावा. आपल्याकडं रिकामा वजनकाटा मिळाला तर त्यासारखी जागा नाही, काटेवाल्याला विनंती केली की पंधरा मिनिटं देतो. मग चेसिसच्या खालच्या कडेपासून एक्सलपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा, पुढचं वेगळं, मागचं वेगळं, आणि वहीत लिहा. डिझेल टाकी, बॅटरी, स्टेपनी एकाच बाजूला असली तर १० मिलिमीटरच्या आसपास फरक पडतोच, त्याचं टेन्शन नको. २०-२५च्या पुढं गेला की शोध सुरू करा. बंपस्टॉपचं (एक्सल फार वर आला की टेकतो तो ठोकळा) रबर एकाच बाजूला ठेचलेलं, चकाकणारं दिसतंय का तेही बघा, तिथं पाटा रोज आपटतोय याचा तो पुरावा. पाट्यात दोष की चेसिसमध्ये हे कळायची पक्की युक्ती शेवटच्या प्रश्नात दिलीय.

३. कमान किती उतरलीय ते घरी कसं मोजायचं?

एका डोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्या डोळ्याच्या मध्यापर्यंत दोरा ताणून धरा आणि सेंटर बोल्टजवळ दोऱ्यापासून मेन पाट्याच्या वरच्या अंगापर्यंतचं अंतर घ्या, झालं. गाडीला लावलेला असताना घेतलेलं माप आणि खोलून जमिनीवर ठेवून घेतलेलं माप वेगळं येणार, म्हणून मापाशेजारी "रिकामी गाडी", "खोलून" असं लिहायचं. तुलना नेहमी त्याच एक्सलच्या दुसऱ्या बाजूशी करा, आणि मॅन्युअल असेल तर त्यातल्या आकड्याशी. दोन्ही बाजू सारख्याच बसल्या असतील तर गाडी सरळ दिसते आणि मालकाला वाटतं सगळं ठीक आहे, तिथं मॅन्युअलच उपयोगी पडतं.

४. चिखल आणि ग्रीसच्या थरात काहीच दिसत नाही, पाट्याला चीर गेलीय ते ओळखायचं कसं?

हे घाईत होत नाही. आपल्याकडची काळी माती पाट्यांच्या फटीत बसून वाळली की दगड होते, आधी ती खरडून काढा, मग तारेचा ब्रश आणि डिझेल, मग कोरडं फडकं. आता रॉकेल किंवा डिझेल पुन्हा हलकं लावा, पाच-दहा मिनिटं मुरू द्या, स्वच्छ पुसा आणि वरून पांढरा खडू घासा. चीर असेल तर आत मुरलेलं तेल बाहेर येतं आणि खडूवर काळी ओली रेघ उमटते. केसाएवढी चीरसुद्धा अशी सापडते.

बघायचं कुठं तर पाट्याच्या वरच्या, म्हणजे आत वाकलेल्या अंगावर. लोड आला की तेच अंग ताणलं जातं आणि चीर तिथूनच सुरू होते. त्यातही चार जागा: डोळ्याचं वळण जिथं सुरू होतं ती जागा, खालच्या पाट्याचं टोक वरच्याला घासून जिथं खाच पाडतं ती, क्लिपच्या रिव्हेटचं भोक, आणि सेंटर बोल्टचं भोक. शेवटची जागा यू बोल्टखाली झाकलेली असते, न खोलता दिसतच नाही, म्हणून जुनी गाडी नव्याने घेतली असेल तर एकदा तरी सेट खोलाच. फटीतून तांबूस पावडर बाहेर येत असेल तर तिथं पाटे सरकतायत किंवा चीर आहे.

तुटलेला तुकडा हातात आला तर भंगारात टाकायच्या आधी त्याचं तोंड उजेडात धरून बघा. काळपट, गुळगुळीत भाग म्हणजे जुनी चीर, ती किती दिवस हळूहळू सरकत होती ते तिथं दिसतं, आणि दाणेदार चकचकीत भाग म्हणजे शेवटच्या झटक्याला तुटला तो. काळा भाग मोठा असेल तर बाकीचे पाटेही त्याच वयाचे आहेत हे ध्यानात घ्या.

५. एकच पाटा तुटलाय. तेवढाच बदलला तर चालेल का?

मधला किंवा खालचा असेल, बाकीच्यांची कमान ठीक असेल (प्रश्न ३), आणि नवा पाटा रुंदी, जाडी, वळण तिन्हीत जुन्यासारखा मिळत असेल तर चालतं. अडचण अशी की बाकीचे सगळे बसलेले आणि मध्ये एक नवा ताठ, तर तो एकटाच जास्त भार घेतो आणि लवकर जातो. मेन पाटा तुटला असेल तर दुसराही बाहेर काढून खडूने तपासा. आणि सेट बसला म्हणून बदलताय तर त्या एक्सलच्या दोन्ही बाजू एकदम बदला, एका बाजूला नवा सेट टाकला की गाडी उलट्या बाजूला झुकते.

६. हायवेवरचा मिस्त्री म्हणतो वेल्डिंग मारतो, वर्षभर काही होत नाही. खरं का?

नाही, आणि यावर माझ्याकडून सूट मिळणार नाही. पाट्याचं पोलाद जास्त कार्बनचं, तापवून झटक्यात थंड करून कडक केलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेनं जॉइंटच्या शेजारची पट्टी ठिसूळ होते आणि तिच्यापलीकडची नरम पडते, मग पुढच्या वेळी जॉइंट शाबूत राहतो आणि शेजारून पाटा तुटतो. पुढच्या एक्सलचा मेन पाटा धावत्या गाडीत तुटला तर एक्सल मागं सरकतो आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. समोरून दुचाकीवर कुणाचं तरी कुटुंब येत असतं हो.

अजून एक, चेसिसला किंवा बॉडीला वेल्डिंग करताना अर्थिंगचा चिमटा पाट्याला लावू देऊ नका आणि पाट्यावर ओलं पोतं टाका. रॉड नुसता टेकून ठिणगी पडली तरी तो ठिपका पुढं चिरेचं मूळ होतो.

७. पाटे भट्टीत तापवून पुन्हा कमान काढून देतात, ते करून घ्यावं का?

कोण आणि कसं करतंय यावर सगळं आहे. पाटा पूर्ण तापवून (साडेआठशे डिग्रीच्या आसपास) वळण द्यायचं, तेलात थंड करायचा, आणि मग पुन्हा चारशे-पाचशे डिग्रीला टेम्पर करायचा, हे तिन्ही टप्पे झाले तर पाटा उभा राहतो. गॅसच्या टॉर्चने मधेच लाल करून ठोकला तर कमान छान दिसते आणि पहिल्याच लोडला उतरते. थंडच असताना प्रेसवर किंवा घणाने वळण देतात तेही चालतं, पण थोडंसंच, आणि चीर नाही याची खात्री केल्यावरच. ज्या गाडीचे पाटे आता कुठंच मिळत नाहीत तिच्यासाठी हा रस्ता ठीक आहे. मिळत असतील तर नवेच घ्या.

८. एक मिलिमीटर जाड पाटा घेतला किंवा एक पाटा वाढवला तर काय बिघडतं? मजबुतीच येईल ना?

पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. म्हणजे ८ मिलिमीटरच्या जागी ९चा घेतला तर तो पाटा जवळपास ४२ टक्के जास्त ताठ, आणि १०चा घेतला तर जवळजवळ दुप्पट. टेपवर फरक नखाएवढा दिसतो आणि गाडीत सगळं गणित बदलतं. जाड पाटा कमी वाकतो, खड्ड्याचा दणका ब्रॅकेट, रिव्हेट आणि चेसिसवर जातो. पन्नास-साठ वर्षांच्या चेसिसला हा मार झेपत नाही, क्रॉस मेंबरजवळ चिरा जातात, आणि पाटा बदलता येतो तसं चेसिस बदलता येत नाही. पाटा वाढवला तर यू बोल्ट अपुरे पडतात आणि गाडीची उंची, प्रोपेलर शाफ्टचा कोन हे सगळं सरकतं.

पाटा वाढवल्याने आरसीवरचं वजन वाढत नाही हेही सांगून ठेवतो. ओव्हरलोडला मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० असा दंड आहे.

९. गाडीचा पार्ट नंबर आता कुठल्याच दुकानात चालत नाही. पाटे मापाने करून घ्यायचे तर काय काय लिहून न्यायचं?

जुना सेटच टेम्पोत टाकून न्या, त्याहून चांगलं काही नाही. ते जमत नसेल तर प्रत्येक पाट्याची रुंदी, जाडी, लांबी, डोळ्याच्या आतला व्यास, सेंटर बोल्टचं भोक, क्लिपांच्या जागा आणि कमान. सेंटर बोल्टपासून पुढच्या डोळ्यापर्यंतचं आणि मागच्या डोळ्यापर्यंतचं अंतर वेगवेगळं लिहा, बऱ्याच गाड्यांत ते सारखं नसतं, आणि उलटा बसवला की एक्सलच पुढं-मागं होतो. जाडी झिजलेल्या टोकाला मोजू नका, न झिजलेल्या जागी व्हर्नियरने मोजा.

बेडफर्ड, फार्गो, डॉज, जुनी लेलँड या इंची मापाच्या गाड्या, टाटा मर्सिडीज मेट्रिक. अडीच इंची पाटा ६३.५ मिलिमीटर भरतो, दुकानदार ६०चा देऊन "तेवढं चालतंय मालक" म्हणेल, पण तो ब्रॅकेटमध्ये खुळखुळणार. बोल्टचे आटेसुद्धा तसेच, इंची नट मेट्रिक बोल्टवर दोन फेरे चढतो आणि मग आटे खातो. उसाच्या ट्रॉलीचे पाटे स्वस्त मिळतात म्हणून ट्रकला टाकू नका. ट्रॉली ट्रॅक्टरच्या वेगाने चालायला बनवलेली असते.

१०. पाटे स्वतः बदलायचे आहेत. सुरुवात कुठून आणि क्रम काय?

आदल्या रात्री सगळ्या नटांवर, पिनांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी लवकर सुरू करा, एप्रिल-मेमध्ये सोलापुरात अकरानंतर लोखंडाला हात लावता येत नाही. एका वेळी एकच बाजू खोला, दुसरी बाजू एक्सल जागेवर धरून ठेवते.

उरलेल्या चाकांना पुढून-मागून ओंडके लावा, चाकाचे नट ढिले करा. काही जुन्या गाड्यांना डाव्या बाजूचे नट उलट्या आट्यांचे असतात, बोल्टच्या तोंडावर "एल" कोरलेलं आहे का बघा, नाहीतर पाईप लावून जोर करत बसाल आणि बोल्ट मोडेल. मग गाडी उचलून चेसिसखाली घोडी (लोखंडी स्टँड) लावा. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, मिस्त्री कितीही जुना असो, आणि विटांवरही नाही, विटा न सांगता फुटतात. एक्सलखाली वेगळा जॅक लावून पाट्यावरचा ताण निघेल इतपतच उचला.

शॉकअप असेल तर सोडवा. यू बोल्टचे नट काढा, नाही निघाले तर बोल्ट कापा, ते तसेही पुन्हा वापरायचे नाहीत (प्रश्न ११). पाटा आणि एक्सलच्या मधे पाचर किंवा प्लेट असेल तर काढायच्या आधी मोबाईलवर फोटो घ्या आणि जाड बाजू पुढं होती की मागं ते खडूने लिहा. एक्सल हळू खाली घ्या, ब्रेकचा होज ताणतोय का यावर एकाची नजर हवीच. मग शॅकलची पिन, मग पक्क्या टोकाची. पिनला कॉटर (अडकवणारी खुंटी) असतो, तो न काढता घण मारत बसू नका. सेट एकट्याने उतरवायचा नाही.

सेट खोलायचा असेल तर हे नीट वाचा: सेंटर बोल्ट सुटला की पाटे झटक्यात उसळतात. दोन्ही बाजूंना जाड शिकंजे (क्लँप) आवळा, मग बोल्ट काढा आणि शिकंजे थोडेथोडे आळीपाळीने सोडा.

बसवताना उलटा क्रम. आधी पक्कं टोक, मग शॅकल. एक्सल वर घेताना सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या खड्ड्यात बरोबर बसलंय हे बोटाने चाचपून बघा, डोकं कडेवर चढलं तर सगळी मेहनत वाया. यू बोल्ट चौकटीत, म्हणजे तिरप्या समोरच्या कोपऱ्यांनी, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. शेवटचा टॉर्क मॅन्युअलप्रमाणे, गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. आणि लोड घेऊन थोडं चाललं की पुन्हा आवळा, साधारण ५०० किलोमीटरच्या आत. नवे पाटे एकमेकांवर बसतात, रंगाचा थर दबतो, यू बोल्ट आपोआप ढिले होतात.

११. यू बोल्ट दिसायला चांगले आहेत, तेच वापरले तर?

नवेच टाका. यू बोल्ट एकदा आवळला की ताणला जातो आणि आटे त्या ताणाने बसतात, दुसऱ्यांदा तेवढी पकड मिळत नाही. नट आणि वॉशरही नवे. यू बोल्ट तापवून वळवलेला, देशी भट्टीतला घेऊ नका. पाट्यांच्या खर्चापुढं यू बोल्टचा खर्च किरकोळ आहे आणि पुढच्या प्रश्नातली निम्मी कटकट त्याने टळते.

१२. सेंटर बोल्ट सारखा तुटतोय. जाड, हाय टेन्साइल टाकला तरी तुटला. काय करू?

दोष सेंटर बोल्टचा नाहीच. एक्सल जागेवर धरतात ते यू बोल्ट, त्यांच्या आवळण्यामुळे पाटे आणि एक्सलमध्ये जे घर्षण होतं त्याच्या जोरावर. सेंटर बोल्टचं काम फक्त पाटे एका रेषेत ठेवायचं आणि एक्सलची जागा दाखवायचं. यू बोल्ट ढिले पडले की ब्रेकचा, गिअरचा प्रत्येक झटका त्या एका बोल्टवर येतो आणि तार एकाच जागी वाकवून वाकवून तुटते तसा तो तुटतो. जाड बोल्टसाठी पाट्याचं भोक वाढवलं तर पाटाच कमजोर केला.

यू बोल्ट काढून बैठक बघा. एक्सलचं पॅड झिजून खोलगट झालं असेल तर यू बोल्ट कितीही आवळा, पाटा टेकतच नाही. पॅड सपाट करून घ्या. बोल्ट तुटल्यावर एक्सल सरकलाय का हे बघायला दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजा, स्टिअरिंग सरळ ठेवून. फरक आला आणि गाडी मागून बघताना तिरकी चालताना दिसते, तर तेच.

१३. खड्ड्यात टक् टक् आवाज येतो, पाटे तर ठणठणीत आहेत.

पिन-बुश बघा. डोळा आणि ब्रॅकेटच्या मधे पहार घालून वर-खाली करा, लोखंडावर लोखंड वाजलं की बुश गेला. पितळी बुश असेल तर नवा ठोकून बसवल्यावर तो आतून थोडा आवळतो, रीमर मारून भोक मापात आणूनच पिन घाला, आणि बुशचं ग्रीसचं भोक डोळ्याच्या भोकाशी जुळवा. ग्रीस मारताना चेसिस जॅकवर उचलून पिनवरचं वजन काढा, तरच ग्रीस चहूबाजूंनी जातं. वजनावर मारलं तर झिजणारी बाजू कोरडीच राहते, निप्पलमधून ग्रीस बाहेर आलं म्हणून समाधान मानू नका. रबर बुशला मात्र ग्रीस लावायचं नाही, आणि त्याचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच आवळायचे. हवेत आवळले की रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

१४. पाट्यांवर जळकं ऑइल मारत राहू का?

नको. दोन दिवस आवाज बंद होतो, मग त्यावर आपली बारीक धूळ बसून घासणारी पेस्ट तयार होते. सेट खोललाच असेल तर घासून, गंज काढून पाट्यांच्या मधे ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात द्या. त्यावर पुढची काही वर्षं निघतात.

१५. गाडी वर्षभर शेडमध्येच असते, गड्ड्याच्या यात्रेला किंवा मिरवणुकीलाच काढतो. तरी पाटे खराब होतात का?

होतात, गंजाने. पावसाळ्यात फटीत पाणी शिरतं आणि तिथंच राहतं, गंज फुगतो, पाटे एकमेकांना चिकटतात. त्यामुळे बाहेर काढायच्या आठवडाभर आधी यू बोल्ट, पिना, क्लिपा बघा आणि प्रश्न ४मधली खडूची तपासणी डोळ्यांजवळ तरी करा. फार महिने उभी ठेवायची असेल तर चेसिसखाली घोड्या लावून पाट्यांवरचा भार कमी करा.

१६. व्हिंटेज नोंदणी करायचीय. पाटे बदलले तर अडचण येईल का?

२०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, धंद्यासाठी न वापरली जाणारी दुचाकी आणि चारचाकी वाहनं व्हिंटेज धरतात, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसावा लागतो. मूळ मापाचे पाटे टाकणं हा फेरबदल नाही, ती देखभाल झाली. जाड पाटे टाकून ब्रॅकेट कापून नवीन वेल्ड केले तर मात्र चेसिसला हात लागला. नवीन नोंदणीला फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात "व्हीए" येतं, आणि गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, डिझेल, देखभाल एवढ्यासाठीच. मागं जोडचाकं असलेल्या ट्रकवाल्यांनी नियमातला "चारचाकी" हा शब्द दाखवून आरटीओकडून आधी लेखी उत्तर घ्यावं, मगच पैसे भरावेत.

१७. रात्री मोहोळ आणि टेंभुर्णीच्या मधे पाटा तुटला. गाडी तशीच हळू घेऊन जाऊ का?

कुठला तुटला ते टॉर्च मारून बघा. खालचा एखादा असेल आणि सेट एकत्र असेल तर लोड उतरवून, हळू, जवळच्या मिस्त्रीपर्यंत जाता येतं. पुढचा मेन पाटा किंवा कुठल्याही पाट्याचा डोळा तुटला असेल तर एक फूटही नाही. साखळीने बांधून लाकडाचा ठोकळा घालून चालवणारे असतात, पण साखळी एक्सलला मागं सरकण्यापासून धरत नाही. क्रेन बोलवा, आणि येईपर्यंत मागं रिफ्लेक्टर लांब ठेवा.

१८. पुढचे पाटे बदलल्यापासून स्टिअरिंग वळल्यावर आपोआप परत येत नाही, गाडी रस्त्यावर भटकते.

प्रश्न १०मध्ये सांगितलेली पाचर बहुतेक उलटी बसलीय किंवा राहिलीच. ती एक्सलला थोडा मागं कलवून कॅस्टर, म्हणजे चाकं आपोआप सरळ करणारा कल, देते. उलटी बसली की कॅस्टर जातो आणि चाकं सरळ व्हायला बघतच नाहीत. फोटो काढला असेल तर तपासा, नसेल तर दोन्ही बाजूंच्या पाचरींची जाड बाजू एकाच दिशेला आहे का हे तरी आधी बघा. कमान बदलल्यानेही कॅस्टर थोडा हलतो, म्हणून नव्या पाट्यांनंतर अलाइनमेंट करायचंच.

१९. दोन्ही बाजूंना नवे सेट टाकले तरी गाडी झुकलेलीच. पाटेवाला म्हणतो माल बरोबर आहे. आता कुणाचं खरं?

डावा सेट उजवीकडं आणि उजवा डावीकडं लावा. आधी दोन्हीची पुढची-मागची अंतरं सारखी आहेत ना ते बघून घ्या (प्रश्न ९). झुकाव बाजू बदलून गेला तर पाट्यात फरक आहे, सेट परत द्या. झुकाव तिथंच राहिला तर पाटेवाला बरोबर आहे, चेसिस पिळलंय किंवा ब्रॅकेट खाली-वर आहे. मग प्रश्न २ची मापं पुन्हा घ्या, या वेळी एक्सलपासून मोजू नका, चारी ब्रॅकेटच्या पिनांपासून वजनकाट्याच्या पत्र्यापर्यंत मोजा आणि तो कागद घेऊनच चेसिसवाल्याकडं जा. तोपर्यंत एका बाजूला जादा पाटा घालून गाडी सरळ करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, पिळलेल्या चेसिसवर अजून एक पीळ बसेल.